खेळ करणारे आणि खेळाचे नियम लिहिणारे

मराठीत ‘खेळ’ या शब्दापुढे दोन क्रियापदे येतात. काही लोक खेळ खेळतात आणि काही लोक खेळ करतात. पोट भरलेला माणूस खेळ खेळतो. ज्याला पोट भरायचे आहे तो खेळ करतो. डोंबारी खेळ करतो. गारुडी, माकडवाला, बहुरूपी हे सगळे खेळ करणारे. गावाच्या चौकात बांबूच्या कैच्या उभ्या राहत, दोर ताणला जाई, ढोलके वाजू लागे आणि सात-आठ वर्षांची पोर हातात काठी घेऊन दोरावरून चालू लागे. खाली सगळे गाव मान वर करून उभे असे. खेळ संपला की थाळी फिरे आणि मग पाल पुन्हा गावाबाहेर. गावाचे कौतुक चौकापुरते होते. ते ओसरीपर्यंत कधी आले नाही.

आता या शब्दाला तिसरे क्रियापद मिळाले आहे. संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावरचा खेळ ‘लिहिला’ जातो. कोणीतरी बसून ठरवतो की या खेळात कोणाला उडी मारता येईल, कोणते दार उघडेल, कोण मरेल आणि कोण पुन्हा उठेल. हे ठरवणारा पडद्यावर दिसत नाही. पण खेळणाऱ्याचा हात त्याच्याच मर्जीने हलत असतो. या तिसऱ्या क्रियापदाविषयी मला येथे लिहायचे आहे. निमित्त दोन आहेत. एक, पुण्यात तयार झालेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ. दुसरे, तो पाहून स्वतःचा खेळ लिहायला बसलेली सोलापुरातली चार मुले.

वाङ्मयीन त्रैमासिकात पोरांच्या गेमवर लेख कशाला, असे काही वाचक म्हणतील. परवापर्यंत मीही हेच म्हणत होतो. मी सोलापुरात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. कविता, कथा, आत्मकथन ही माझी वाट, आणि तिच्यावरून चालत मी येथवर आलो. पण माझ्या वर्गातला मुलगा आठवड्यात चार पाने वाचतो आणि रात्री तीन-तीन तास मोबाइलवर खेळतो. त्या तीन तासांत त्याच्या हातात जगाचे कोणते चित्र दिले जाते, हा प्रश्न समीक्षेने सोडून दिला तर समीक्षेने आपला वाचकच सोडून दिला असे होईल.

शिवाय खेळ निरागस असतो हे आपल्याला कोणी सांगू नये. मोक्षपट घ्या. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला हा पट पुढे इंग्रजांनी नेला आणि त्याची सापशिडी झाली. मूळ पटावर शिडीच्या पायथ्याशी सद्गुण होते आणि सापाच्या तोंडाशी दुर्गुण. खेळणारा कवड्या टाकी. कवड्या जशा पडतील तशी सोंगटी सरके, म्हणजे सापाच्या तोंडी जाणे त्याच्या हाती नव्हतेच. तरीही पट त्याला सांगे की तू तुझ्या पापाने पडलास. जन्माच्या अपघाताला कर्माचे नाव देणारे शास्त्र ज्यांना पोथीतून समजले नसेल, त्यांना ते या पटाने अंगणात बसवून शिकवले. पोथी ऐकणारा शंका तरी घेऊ शकतो. खेळणारा शंका घेत नाही, तो पुढची कवडी टाकतो. खेळाचे सामर्थ्य येथे आहे आणि धोकाही येथेच आहे.

आता ‘राजी’कडे वळू. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेने हा खेळ केला. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे तिचे संस्थापक. २०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून वर्गणी मागितली. ठरवलेली रक्कम जमली नाही आणि तिथल्या नियमाप्रमाणे काहीच हाती आले नाही. तरी मूठभर माणसांनी काम सोडले नाही. संस्थापकांपैकी एकाने आपले घर पणाला लावले. पुढे प्रकाशक मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये खेळ प्रथम निन्टेन्डोच्या यंत्रावर व ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर आला. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या पदार्पणाच्या खेळांच्या यादीत त्याला नामांकन मिळाले. भारतात परदेशी कंपन्यांसाठी झाडे-दगड-भिंती रंगवून देण्याची मजुरी खूप चालते. आपले नाव लावून आपला खेळ जगापुढे ठेवणे वेगळे. ते या माणसांनी केले, याबद्दल आदर ठेवूनच पुढचे लिहितो.

राजी ही भटक्या सर्कशीतली कसरतपटू मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करतो. असुर चालून येतात, मुलांना पळवतात, गोलूही त्यांत जातो. दुर्गा राजीला निवडते, तिच्या हाती त्रिशूळ देते. पुढे विष्णूकडून धनुष्य मिळते. भावाच्या शोधात ती किल्ले, महाल, मंदिरे पार करत जाते आणि शेवटी महाबलासुर नावाच्या असुरांच्या अधिपतीशी लढते. चित्रे पहाडी लघुचित्रांच्या वळणाची आहेत, वास्तू राजस्थानी थाटाच्या, आणि मधल्या कथाभागासाठी छायाबाहुल्या वापरल्या आहेत. पाहत राहावे असे हे काम आहे. राजी खांबाला धरून गरकन फिरते, भिंतीवर धावते, त्याच गतीने उलटी उडी घेऊन शत्रूवर येते. आपल्याकडच्या कोणत्या कादंबरीने डोंबाऱ्याच्या पोरीचे शरीर इतक्या प्रेमाने न्याहाळले आहे, असा प्रश्न मला पडला.

आणि तरीही पहिल्यांदा खेळताना मी अस्वस्थ झालो. त्याची तीन कारणे सांगतो.

पहिले कारण दारांचे. ही भटकी मुलगी मंदिरात शिरते, महालात शिरते, भिंतीवरच्या देवांच्या चित्रांपुढे उभी राहते. तिला कोणी अडवत नाही. त्या महालांत माणसेच जवळजवळ दिसत नाहीत. वाट अडवतो तो असुर. आम्ही सोलापूर जिल्ह्यातले लोक. आमच्या जिल्ह्यातल्या पंढरपुराच्या विठोबाचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. तोवर त्या दारात कोणता असुर उभा होता? तेथे माणसे उभी होती, गंध लावलेली, शास्त्र जाणणारी माणसे. जुन्या काळातला महाल रंगवायचा, त्याची जाळी-झरोके-कमानी बारकाईने काढायच्या, आणि त्याच्या दारातला माणूस तेवढा पुसून टाकायचा, याला मी निव्वळ कल्पनाविलास म्हणू शकत नाही. ‘प्राचीन’ हा शब्द आपल्या देशात नेहमी असाच स्वच्छ धुऊन वापरला जातो.

दुसरे कारण नावाचे. महाबलासुर हे नाव करणाऱ्यांनी कोणत्या हेतूने घेतले ते मला शोधायचे नाही. पण महाराष्ट्रात ‘बळी’ हे अक्षर कानी पडले की आमच्याकडच्या शेतकरी बायकांच्या तोंडची दिवाळीतली इच्छा आठवते : इडापिडा जावी आणि बळीचे राज्य यावे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त अवतारांच्या कथा उलट्या करून वाचल्या आणि वामनाने पाताळात घातलेला बळी हा येथल्या कष्टकऱ्यांचा राजा म्हणून उभा केला. राजीच्या वाटेवर भिंतीवरची चित्रे दुर्गा आणि महिषासुराची कथा सांगतात. सोलापूरपासून तासाभराच्या वाटेवर तुळजापूर आहे. तेथली भवानी महिषासुरमर्दिनीच. पण त्याच मुलखात शेताच्या बांधावर शेंदूर लावलेला म्हसोबाही आहे, आणि म्हसोबाचे महिषासुराशी असलेले नाते दामोदर कोसंबींनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’त चर्चेला घेतले आहे. म्हणजे येथे मारणारीही पुजली जाते आणि मारला गेलेलाही. दोन्ही बाजूंची आठवण जिवंत असलेल्या प्रदेशात बसून खेळ लिहिताना एकच बाजू घेतली गेली. दीडशे वर्षांपूर्वी फुल्यांनी विचारलेला प्रश्न त्या दालनात कोणालाच सुचला नाही, कारण तो ज्यांच्या घरात विचारला जातो ती घरे त्या धंद्यात अजून फारशी पोचलेली नाहीत.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. राजीची कथा राजी सांगत नाही. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याकडे पाहत आपसात बोलतात आणि ते बोलणे आपल्याला ऐकू येते. दलित साहित्याने चळवळ म्हणून जे पहिले मागितले ते हेच होते की आमच्याविषयी दुसऱ्याने बोलणे थांबवावे. १९८० साली लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ आले, १९८७ साली लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ आले. भटक्या-विमुक्तांचा माणूस तेव्हा स्वतःच्या तोंडाने बोलला. ‘राजी’त कसरत भटक्यांची आहे, शस्त्र देवांचे आहे आणि निवेदनही देवांचेच आहे. या पुण्याच्या खेळाचा पहिला आवाज इंग्रजी होता. हिंदी आवाज २०२२ मध्ये सुधारलेल्या आवृत्तीत मिळाला.

एवढे सगळे मी एका रविवारी त्या चार मुलांपुढे मांडले. व्याख्यान चांगले झाले असे मला वाटले. चौघांपैकी एक मुलगी डोंबारी घरातली. तिची आजी तरुणपणी दोरावर चालत असे. संगणकशास्त्राची पदवी घेतलेली ही त्यांच्या नात्यातली पहिलीच. ती सगळे ऐकून म्हणाली, “सर, तुम्ही दार बघितलं, मी भिंत बघितली. आमच्यातलं पोरगं भिंतीवर चढलं की लोक चोर म्हणतात. ही पोरगी अख्ख्या गेमभर भिंती चढते आणि तिला कुणी चोर म्हणत नाही. मला रडू आलं सर.”

मी गप्प झालो. मी मिलिंदनगरातला. बाबासाहेबांच्या चळवळीने माझ्या घराला तीन पिढ्यांपूर्वी ताठ उभे केले. भटक्या-विमुक्तांविषयी मी वाचले आहे, बोललो आहे, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या वतीने बोलण्याची सवयही मला लागली आहे. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांच्यातल्या कितीतरी कुटुंबांना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवले होते. बाहेर जायला पास, ठरल्या वेळी हजेरी, कामाला गिरणी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण शहरातल्या त्या भागाला लोक आजही सेटलमेंटच म्हणतात. अशा शहरातल्या मुलीला पडद्यावर तिच्या हाडामासाची कसरत निर्दोष दिसली आणि तिला मोकळे वाटले. जात पुसून टाकल्याबद्दल मी रागावलो होतो. त्या पुसण्यातच तिला घटकाभर श्वास मिळाला होता. माझा नकार खोटा नव्हता, पण तो अपुरा होता. केवळ नकार देणाऱ्या समीक्षेने तिचा तो आनंदही हिरावून घेतला असता आणि बदल्यात तिला काहीच दिले नसते. त्या आनंदापुढे उत्तर म्हणून दुसरा खेळच ठेवावा लागतो.

तो खेळ ही मुले करू पाहत आहेत. पण त्याआधी ‘स्वतंत्र’ या शब्दाकडे पाहिले पाहिजे. मोठ्या कंपनीच्या भांडवलाशिवाय लहान चमूने केलेल्या खेळाला स्वतंत्र खेळ म्हणतात. पुण्याच्या त्या संस्थापकाने घर पणाला लावले, हे धाडस आहेच. पण घर पणाला लावायला आधी घर लागते. माझ्या चार मुलांपैकी दोघांच्या घराखालची जमीन त्यांच्या नावावर नाही. त्यांच्याजवळ पणाला लावण्यासारख्या दोनच गोष्टी आहेत : मिळू शकणारी नोकरी आणि रात्रीची झोप. चौघांत मिळून एक जुना लॅपटॉप आहे. तो आठवड्यात कोणाकडे किती दिवस, याचे वेळापत्रक भिंतीवर लावले आहे. स्टीमच्या बाजारात एक खेळ मांडायचा तर शंभर डॉलर भरावे लागतात, आणि ते परत मिळतात खेळाने हजार डॉलर कमावल्यावर. म्हणजे आजच्या भावाने आठ-नऊ हजार रुपये आधी खिशात हवेत. पुढे विक्रीतला साधारण तीस टक्के वाटा बाजाराचा. बलुतेदारीत आपण धान्याच्या राशीवरचा हिशेब शिकलो. हा हिशेबही आता शिकला पाहिजे.

दुसऱ्या बाजूला, आपल्या वाडवडिलांना मिळाली नव्हती अशी एक गोष्ट या मुलांना मिळाली आहे. अवजारे फुकट आहेत. ही मुले ‘गोदो’ नावाच्या इंजिनवर काम करतात. इंजिन म्हणजे खेळाचा माग : चित्र, आवाज, हालचाल सगळे त्यावर विणायचे. अर्जेंटिनातल्या दोघांनी ते उभारले, बेकेटच्या नाटकावरून त्याचे नाव ठेवले आणि २०१४ साली ते सगळ्या जगाला खुले केले. त्यासाठी पैसे नाहीत, वाटा नाही. पण खुल्या दारालाही उंबरा असतो. आधी ती मुले जुनी आवृत्ती वापरत होती. तिच्यात मराठी लिहिले की जोडाक्षरे फुटत आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी बसे. रोमन लिपीचे काही बिघडत नसे. या लिपीतली माणसे हा खेळ करतील हे यंत्राला ठाऊकच नव्हते. २०२३ मध्ये चौथी आवृत्ती आली, तिने हे दुखणे दूर केले. पडद्यावर ‘हजेरी’ हा शब्द पहिल्यांदा नीट उमटला तेव्हा त्यांनी मला फोन केला. रात्रीचे दीड वाजले होते.

आणि हे तंत्र आपल्याला परके आहे, असेही मी मानत नाही. माझे वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. मागावर जकार्ड असे, आणि जकार्डवर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरे. जेथे भोक तेथे दोरा उचलायचा, जेथे भोक नाही तेथे दोरा खाली ठेवायचा. एवढ्या साध्या हुकुमांतून मोर उमटे, कमळ उमटे. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जकार्डने ही युक्ती केली, आणि पुढे बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी याच भोकांच्या पुठ्ठ्यांचा विचार केला. म्हणजे ज्याला आपण कोड म्हणतो त्याचा एक पूर्वज सोलापूरच्या कारखान्यांत कित्येक वर्षे खडखडत होता आणि आमचे बाप त्याच्याखाली उभे राहून बहिरे होत होते. पण नक्षी कोणती काढायची हे वडिलांना कधी कोणी विचारले नाही. पुठ्ठा आयता येई. हात आमचे, पुठ्ठा दुसऱ्याचा. आमच्या चौघांतल्या एका मुलाच्या घरी आजही माग चालतो. तो म्हणतो, “सर, पहिल्यांदाच भोकं आपण पाडलालोय.”

आता त्यांच्या खेळाविषयी. त्याचे नाव अजून ठरलेले नाही. काळ १९४० नंतरचा, स्थळ सोलापूर, जानेवारीतली गड्ड्याची जत्रा. दोन मुले आहेत. एक मुलगा तारेच्या आत, त्याला ठरल्या वेळी हजेरी द्यायची आहे. एक मुलगी दोरावरची, जत्रेसाठी आलेल्या पालातली. दोघांना जत्रा संपण्याआधी भेटायचे आहे. खेळणाऱ्याने दोघांनाही चालवायचे. असुर नाही, त्रिशूळ नाही. पहारेकरी आहे, पास आहे, घड्याळ आहे आणि दोर आहे. चौघांतला जो मुलगा सेटलमेंटमधला आहे, त्याच्या पणजोबांच्या आठवणी घरात अजून सांगितल्या जातात. हजेरीचा प्रसंग त्याने लिहिला. जत्रेतली हलगी माझ्या वस्तीतल्या मुलाने वाजवून घेतली.

एका स्पर्धेत त्यांनी हा आराखडा मांडला. परीक्षकांपैकी एक जण म्हणाले, “चित्रे छान आहेत, पण खेळात जात कशाला आणता?” मुलांना काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. मी येथे देतो. पास मागणारा पहारेकरी खेळात आधीच होता, आम्ही त्याला त्याचे खरे कपडे घातले. २०१३ साली ल्युकस पोप या एकट्या माणसाने ‘पेपर्स, प्लीज’ नावाचा खेळ केला. त्यात खेळणारा सीमेवरचा कारकून होतो, माणसांचे कागद तपासतो आणि शिक्के मारतो. नियम पाळले तर माणसे चिरडतात, मोडले तर घरी उपासमार. कोणीही भाषण करीत नाही, शिक्का मारणारा हातच सगळे सांगतो. जगाने तो डोक्यावर घेतला. तेथे कोणी विचारले नाही की खेळात सरहद्द कशाला. दुसरे उदाहरण अलास्काच्या इन्यूपियाक लोकांचे. तेथल्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिलने २०१४ मध्ये ‘नेव्हर अलोन’ हा खेळ आणला. मुलगी आणि कोल्हा या दोघांच्या साथीशिवाय त्यात वाट सरकत नाही, निवेदन त्यांच्या स्वतःच्या भाषेत आहे आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना बसवून तो घडवला आहे. तंत्र जाणणारे बाहेरचे लोक होते, पण कथा कोणाची आणि ती कोण सांगणार हे जमातीने सोडले नाही. आपल्याला घेण्यासारखा धडा हा आहे.

वाद आमच्यातही झाले. हजेरी चुकली तर काय, हा मोठा वाद. कोड लिहिणारा म्हणाला, तीन जीव देऊ, चुकला तर पुन्हा सुरुवात. सेटलमेंटमधला मुलगा म्हणाला, “पणजोबांना तीन जीव नव्हते.” मग कोणी म्हणाले, एकदा चुकले की खेळ संपला. ते मला पटले, कारण ते सत्य होते. पण मुलगी म्हणाली, “सर, एकदाच पडून संपणार असेल तर कुणी दोरावर चढणारच नाही. आम्ही लहानपणी रोज पडायचो, रोज चढायचो.” शेवटी असे ठरले की दोरावर कितीही वेळा पडावे आणि पुन्हा चढावे, पण हजेरी चुकली तर ती वेळ परत येणार नाही, गोष्ट त्या चुकीसकट पुढे जाईल. एकीकडे शिकण्याचा अवधी आहे, दुसरीकडे सत्तेची निर्दयता. या एका नियमात भटक्या-विमुक्तांच्या जगण्याविषयी जेवढे आहे तेवढे माझ्या सगळ्या व्याख्यानात नव्हते.

आपल्या जिल्ह्यातले शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ च्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या ग्रंथात आनंद हे मूल्य दलित साहित्याला पुरे पडत नाही, त्याच्या मुळाशी स्वातंत्र्याचे मूल्य आहे, अशी भूमिका मांडली. मी ती वर्षानुवर्षे शिकवत आलो. या खेळाने मला तिच्याकडे पुन्हा वळवले. खेळात आनंद नसेल तर दुसऱ्या मिनिटाला खेळणारा उठून जातो. वेदना सांगायला तो थांबत नाही. मग खेळ हे माध्यम आपल्याला वर्ज्य समजायचे काय? मला आता वाटते की येथे कोणाचा आनंद हा प्रश्न विचारला पाहिजे. दोरावरच्या पोरीच्या पायात, तोल सावरण्यात एक आनंद होता, तो तिचा होता. खाली उभ्या गावाने तो फुकट पाहिला आणि तिला थाळीतले पैसे देऊन वाटेला लावले. तिचा आनंद तिच्याकडे परत येणे, तो तिच्या अटींवर दुसऱ्याच्या हातात जाणे, हे स्वातंत्र्याच्या मूल्याविरुद्ध नाही. त्याचाच तो भाग आहे.

हा खेळ पुरा होईल की नाही ते मी सांगू शकत नाही. आज त्यातली दहा मिनिटे खेळता येतात. मुलीला पुण्यात नोकरी लागण्याची शक्यता आहे, आणि तिने ती घेतलीच पाहिजे. घरात तिच्यामागे दोन भावंडे आहेत. चमूतला एक जण गेला तर लहान चमू बसतो. मोठ्या संस्थेत माणूस बदलता येतो, येथे माणूसच खेळ असतो. या पानांच्या वाचकांपैकी कोणाकडे वापरात नसलेला चांगला संगणक असेल, सेटलमेंटमधल्या जगण्याच्या आठवणी असतील, दोन महिने एका मुलाचे भाडे भरण्याची ऐपत असेल, तर त्यांनी अशा मुलांना शोधावे. सत्काराची शाल नंतर द्यावी.

गेल्या महिन्यात आम्ही लॅपटॉप घेऊन त्या मुलीच्या घरी गेलो. आजीच्या पुढ्यात ठेवला, कोणती कळ दाबायची ते दाखवले. आजीने दोरावरच्या मुलीला चार वेळा पाडले. पाचव्यांदा तिने हात काढून घेतला आणि म्हणाली, “हे चुकीचं केलंय तुमी. पायाकडं बघितलं की मानूस पडतंय. समोरच्या कैचीकडं बघावं लागतंय.” मुलांनी केलेल्या खेळात तोल पायांवर नजर ठेवून सावरायचा होता; कॅमेराही पायांजवळ होता. कोड लिहिणारा मुलगा तेथेच जमिनीवर बसला. तासाभरात त्याने नजर उचलून दोराच्या पलीकडच्या टोकावर नेली, आणि पाय दिसेनासे केले. आजीने पुन्हा हात ठेवला. मुलगी दोर पार करून गेली.

आयुष्यभर खेळ करणाऱ्या बाईने त्या दुपारी खेळाचा नियम लिहिला. तिला अक्षर येत नाही.